कोणीतरी नेसलेली साडी

निशिगंधाला नसत्या चौकशा करायची भारी हौस, आणि त्या चौकशाही माणसांच्या नाहीत, साड्यांच्या. सिंगापुरातल्या बेडोकच्या फ्लॅटमध्ये बसून ती जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या हाताने शिवते आणि विकते. पण कात्री लावण्याआधी प्रत्येक साडी खिडकीशी उजेडात धरते. खांद्याशी पिनेची भोकं दिसली की बाई नोकरीवाली. पदराच्या टोकाला हळद, म्हणजे हात पुसायला दुसरं काही शोधत नसे. खालचा काठ टाचेखाली येऊन विरलेला, म्हणजे चण लहान. मगच गोधडी शिवायची आणि कोपऱ्यात चिठ्ठी लावायची: ‘ही साडी कोणीतरी नेसली होती.’ आपल्यासाठी नवं कापड विणलं जाऊ नये, हा तिचा हट्ट.

बिशानमध्ये दुकान असलेल्या मिसेस तान यांनी बारा गोधड्या मागवल्या. खपल्या तर दर महिन्याला घेणार होत्या. सहा वर्षं देवळाच्या नि सोसायटीच्या स्टॉलवर उभं राहिल्यावर पहिल्यांदाच एक दुकान तिच्याकडे चालून आलं होतं. ओळखीतल्या बायकांच्या साड्या तीन गोधड्यांपुरत्याच निघाल्या, म्हणून तिने मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून जुन्या साड्यांचा गठ्ठा मागवला.

गठ्ठा आला. रंग विटलेले, पोत मऊ. निशिगंधा खिडकीशी बसली ती बराच वेळ उठलीच नाही. पीन नाही, हळद नाही, काठ सगळीकडे सारखाच. इतक्या बायका आणि एकीचाही कुठे पत्ता नाही?

तिने व्यापाऱ्याला फोन लावला.

“ताई, माल नवाच आहे,” तो सरळ म्हणाला. “जुना दिसावा म्हणून चार-पाचदा धुऊन घेतो. परदेशात असाच लागतो ना.”

“कोणाला कळणार आहे?” मनोहर, तिचा नवरा, पेपरमधून म्हणाला. “तुझ्याशिवाय साड्यांची उलटतपासणी घेतं कोण?”

हेच तर तिला लागलं. चिठ्ठी ती स्वतःच्या हाताने लिहीत होती. पण दुकान हातचं जाऊ नये असंही वाटत होतं, हेही खरंच.

मग उरलेल्या नऊ गोधड्यांसाठी तिने स्वतःचं कपाट उघडलं. लग्नातल्या, आईने दिलेल्या, दर पुणे-फेरीत घेतलेल्या नऊ सुती साड्या. सवयीने एकेक उजेडात धरत गेली आणि नवव्या साडीपाशी तिचा हात थांबला. सिंगापुरात बावीस वर्षं झाली. रोज ट्राउझर, कुर्ता, मेट्रो, एसी. सगळ्या साड्या जपलेल्या, ‘एखाद्या दिवसासाठी’ राखलेल्या. कोणाची साडी आहे हे तिला यावेळी ठाऊक होतं, तरी कापडावर त्या बाईची एकही खूण नव्हती. तिला स्वतःचीच दया आली, आणि रागही.

दुसऱ्या दिवशी ती त्यातलीच एक नेसून बिशानला गेली. चार ठिकाणी अडखळली. तीनच गोधड्या होतील, बाकीचं कापड खोटं निघालं, हे तिने मिसेस तान यांना उभ्या उभ्या सांगून टाकलं.

मिसेस तान यांनी तिच्या साडीचा पदर बोटांत धरून पाहिला. “ही चालेल की गोधडीला?”

“चालेल,” निशिगंधा म्हणाली. “पण आधी मला नेसू द्या. आज पहिलाच दिवस आहे.”