सकाळचं अर्धं औषध

बीडच्या एका रुग्णालयात मला संशोधन सहायकाची नोकरी लागली, तेव्हा वडिलांनी चौसाळ्यातल्या चार माणसांना घरी बोलावून चहा पाजला. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. पण संशोधन कशाचं, हे त्या चौघांसमोर सांगताना मी अडखळले, कारण विषय पोट साफ करण्याचा होता.

कोलोनोस्कोपी म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी. तिच्या आधी पावडर कालवलेलं दोन लिटर पाणी पिऊन आतडं रिकामं करावं लागतं. ते नीट झालं नाही तर डॉक्टरांना आतलं काही दिसत नाही. सगळं औषध आदल्या संध्याकाळी द्यावं, की निम्मं संध्याकाळी आणि निम्मं सकाळी, हे आमचे डॉक्टर तपासत होते. परदेशात निम्म्या-निम्म्याची पद्धत चांगली ठरली होती. आपल्या माणसांना ती जमते का, हा त्यांचा प्रश्न होता. कोणाला कोणती पद्धत ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवायची. पाकीट फोडणं, समजावून सांगणं आणि तपासणीच्या दिवशी फॉर्म भरणं हे माझं काम. खेड्यातून आलेल्या मुलीवर डॉक्टरांनी विश्वास टाकला होता, त्याला तडा जाऊ नये म्हणून मी जपत होते. माझ्या फॉर्मवर एकही चौकोन रिकामा नसे.

त्या रुग्णांमधल्या एक मावशी लिंबागणेशच्या. साठीच्या पुढच्या. शौचावाटे रक्त जात होतं आणि अंगातलं रक्त इतकं कमी झालेलं की दोन पायऱ्या चढल्या तरी दम लागायचा. मुलगा पुण्याला कंपनीत, म्हणून पाली गावचा जावई त्यांना मोटारसायकलवर घेऊन आला होता. त्यांच्या पाकिटात निम्मं-निम्मं निघालं. मी कागद वाचून दाखवला. संध्याकाळी एक लिटर, सकाळी पाचला एक लिटर. सगळं ऐकून घेतल्यावर सकाळचं औषध इथं येऊन घेतलं तर चालेल का, एवढंच त्यांनी विचारलं. नाही चालणार, वेळ ठरलेली आहे, घरीच संपवायचं, असं मी सांगितलं. का विचारता, हे काही मी विचारलं नाही.

तपासणीच्या दिवशी त्या माझ्या टेबलासमोर बसल्या. पदर कपाळापर्यंत ओढलेला. मागं जावई हेल्मेट हातात घेऊन उभा. चांगला माणूस होता. सासूची फाईल त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून आणली होती. मी मोठ्यानं विचारलं, औषध पूर्ण घेतलं का?

"घेतलं."

"सकाळचं पण?"

"समदं घेतलं."

मी 'होय'च्या चौकोनात खूण केली.

तपासणी अर्ध्यावर थांबवावी लागली. आत इतका मळ होता की पुढं जाण्यात अर्थ नव्हता. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, सकाळचा डोस घेतलेला दिसत नाही. मी फॉर्म पुढं केला. ती खूण पाहून त्यांनी पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली.

त्या तारखेला मावशी आल्या नाहीत. फोन केला तर जावई म्हणाला, "त्या म्हनत्यात आता बरं हाय. मी लई सांगितलं मॅडम, ऐकतच न्हाईत." मी तशी नोंद केली आणि पुढच्या रुग्णाच्या फॉर्मकडं वळले. त्यात तीन महिने गेले.

मग एक दिवस बीडमधल्याच एका फळवाल्याची बायको आली. तिचीही चिठ्ठी निम्म्या-निम्म्याची. खूण करून घेता घेता ती हसत म्हणाली, "आमचं घर दवाखान्याच्या मागंच, म्हनून जमलं ताई. लांबून गाडीवर बसून येनारीनं काय करायचं?"

मला मावशी आणि जावयाची मोटारसायकल आठवली. रविवारी मी लिंबागणेशची बस धरली.

मावशी ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. चेहरा आणखी पांढरा पडलेला. घरात दुसरं कोणी नव्हतं. चहा झाला, मग मी विचारलं. त्यांनी सुपावरची नजर काढली नाही.

"जावयाच्या गाडीवर मागं बसून यायचं व्हतं. वाटंत गाडी थांबवा म्हनून कोन्या तोंडानं सांगू? सकाळचं मोरीत वतून दिलं. रातीच्या अर्ध्यातच आठ डाव पळाले मी. समदं प्याले असते तर जावयाला गाडी धुवावी लागली असती."

त्या हसल्या. मला हसता आलं नाही.

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू त्यांच्या म्होरंच इचारलंस की, बाई."

मी चौसाळ्याहून बीडच्या कॉलेजला एसटीनं जात असे तेव्हा आम्ही मुली सकाळपासून पाणी पीत नव्हतो. वाटेत जायची सोय नाही, आणि स्टँडवर होती तिथं पाय ठेवण्यासारखं नव्हतं. तीन वर्षं मी असा प्रवास केला होता. नोकरीच्या टेबलाशी बसल्यावर यातलं काही मला आठवलं नाही. सासूनं जावयासमोर पदर सावरून बसायचं असतं, हेही मला कोणी शिकवायला नको होतं.

तपासणीच्या आदल्या दिवशीच बसनं बीडला माझ्या खोलीवर या, संडास खोलीतच आहे, असं मी म्हटलं. सुपातली तूर निवडून झाल्यावर त्या हो म्हणाल्या.

त्या आल्या. ग्लासमागून ग्लास नाक मुरडत प्यायल्या. "मिठाचं पानी पाजतेस व्हय गं," म्हणत मला दोनदा बाहेर पिटाळलं. सकाळचं औषधही संपवलं. त्या दिवशी डॉक्टरांना शेवटपर्यंत स्वच्छ दिसलं. जिथं मागच्या वेळी थांबावं लागलं होतं, त्याच्या थोडं पुढं गाठ होती. तपासणीत ती कॅन्सरची निघाली.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी मावशींच्या फॉर्मवर दुरुस्तीची ओळ लिहून सही केली, आणि यापुढं बायकांना हा प्रश्न एकटीला, आत बोलावून विचारायचा असं ठरवलं. आधी सापडली असती तर काही फरक पडला असता का, असं मी विचारलं. त्यांनी फाईलमधल्या दोन तारखा पाहिल्या आणि म्हणाले, "तेव्हा ती लहान असणार."

मावशींचं ऑपरेशन संभाजीनगरला झालं. कॅन्सर आतड्याजवळच्या ग्रंथींपर्यंत गेला होता, म्हणून अजून सलाईनमधून औषधं चालू आहेत. ती घ्यायला दर वेळी जाताना त्या मला फोन करतात. परवा शेजारी बसलेल्या कोणाला तरी त्या सांगत होत्या, ते मला ऐकू आलं. "हिनंच मला घरून उचलून नेलं, न्हाईतर मला कळलंच नसतं." मग फोन त्या बाईच्या हातात दिला, आणि ती अनोळखी बाई माझं कौतुक करत राहिली. मी हो, हो म्हणत राहिले. मधले तीन महिने माझ्यामुळं गेले, हे मावशींना मी अजून सांगितलेलं नाही.