विजेच्या सुईचं तसंच असतं

हे मी आमच्या मालकांनाही कधी सांगितलं नाही. ते गेले त्या दिवशी मी त्यांच्या उशाशी बसले होते, तेव्हा मनात आलं — आता तरी सांगावं का? नवऱ्यापाशी नाही बोलायचं तर कुणापाशी? तरी नाहीच बोलले. मग आज तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

गोष्ट हनुवटीवरच्या केसांची आहे. हसाल तुम्ही. हसा. बाईच्या हनुवटीवरच्या केसांना सगळेच हसतात, जिला असतात ती सोडून.

मला होते. फार नव्हते, पण राठ, काळे. लग्नात हळद लावताना एकीच्या बोटांना लागले आणि ती लगेच शेजारणीच्या कानाशी लागली. माझं सासर बेलापूरजवळ, खाडीकाठी. आज तिथे नवी मुंबई उभी आहे. तेव्हा मिठागरं होती, भातशेती होती आणि गुडघाभर चिखलात उतरून कालवं काढणाऱ्या बायका होत्या. मालक गोदीत कारकून, म्हणून आमचं बिऱ्हाड परळच्या चाळीत. त्यांनी मला केसांवरून एका शब्दानं दुखवलं नाही. उलट कुठून कुठून पत्ता काढला आणि मला फोर्टातल्या एका बाईंकडे नेलं. त्या विजेच्या सुईनं केस काढायच्या. केसाच्या मुळाशी सुई घालायची, वीज सोडायची, मूळ जाळायचं — की केस कायमचा गेला. निदान दारावरच्या पाटीवर तसं लिहिलं होतं.

तिथल्या बाकावर एक नर्स भेटायची, तीही केस काढायलाच आलेली. तिनं मला चांगला हात कसा ओळखायचा ते सांगितलं. सुई आत जाताना टोचता कामा नये, ती केसाच्याच वाटेनं जाते. आणि मूळ नीट जळलं असेल तर केस चिमट्यात आपणहून येतो. ओढावा लागला तर समजायचं — मूळ जिवंत आहे, नुसताच उपटलाय. आणि लगतलगतचे केस एका बैठकीत जाळायचे नाहीत. कातडी भाजते, खड्डे पडतात. एवढं सांगून ती नर्स पुन्हा काही तिथं आली नाही. शहाणी होती.

मी जात राहिले. मला प्रत्येक केस ओढलेला कळत होता. प्रत्येक.

पण मालक किती खूश होते! गावी जाऊन आईला सांगून आले — मशीननं गेले, कायमचे गेले. थोड्याच दिवसांत हनुवटीवर पुन्हा खुंट लागले, तेव्हा मी काय करायला हवं होतं? मी एक चिमटा आणला आणि तांदळाच्या डब्यात लपवला. मालक सकाळी नळावर गेले की खिडकीशी बसायचं आणि उपटायचे. माझे केस विरळ, म्हणून खड्डे तेवढे पडले नव्हते. इथवर कुणाचं काय बिघडत होतं? खोटं होतं, पण माझ्या हनुवटीपुरतं होतं.

मग हौसा आली.

हौसा माझी धाकटी नणंद. कामाला वाघीण, हसरी, पण जबड्याच्या कडेनं दाट लव, पोरांना मिसरूड फुटतं तशी. स्थळं येत, चहा पीत आणि पुन्हा तोंड दाखवत नसत. सासूबाईंनी तिला लाँचमध्ये बसवून आमच्याकडे धाडली. घरात पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा काय केलं असेल पोरीनं? माझ्या हनुवटीवरून बोट फिरवलं. "गुलगुलीत झाली गो!" म्हणाली आणि मला मिठीच मारली.

त्याच सकाळी मी उपटले होते. तेव्हा सांगता आलं असतं. दार लावून, दोघींतच. चिमटा काढून तिच्या हातावर ठेवला असता, की झालं. मी चहा टाकला.

पहिल्या बैठकीनंतर ट्राममध्ये ती माझ्याकडे वळून म्हणाली, "वयनी, आय काटा काडते तवा कलत पन नाय. ही बाय तं वढते. तुजे पन असेच वढले?"

सासूबाई गावात कुणाच्याही पायातला काटा, शिंपल्याची कपची सुईनं काढायच्या. त्यांचा हात हौसानं लहानपणापासून अनुभवलेला. पोरीनं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. तिला फक्त माझ्याकडून एक 'हो, तुझं बरोबर आहे' हवं होतं. पण ते म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न काय आला असता? मग तुझे कसे गेले, वयनी?

"तसंच असतं," मी म्हणाले. "विजेच्या सुईचं तसंच असतं."

पुन्हा नाही विचारलं तिनं. मी शिकलेली, मी वडील, माझी हनुवटी तिच्या डोळ्यांसमोर. पुढच्या खेपेला त्या बाईंनी एका दमात सगळा जबडा घेतला. सुई एकाला लागून एक, एकाला लागून एक चालली होती, आणि मी शेजारच्या स्टुलावर बसून बघत होते. थांबा, एवढा एक शब्द पुरला असता. हौसानं माझा हात घट्ट धरला होता. आणि मी — याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते — मी तो दाबून तिला धीर देत होते.

खपल्या धरल्या, पडल्या, खाली खड्डे राहिले. त्या खड्ड्यांतूनच केस पुन्हा आले. गावात लोक समजले, मुंबईत पोरीला देवी आल्या. हौसानंही तेच सांगितलं. माझं नाव तिनं कुणापुढे घेतलं नाही, भावापुढेही नाही. स्थळं यायची थांबली. चहासुद्धा प्यायला कुणी आलं नाही.

आता सासूबाई नाहीत, मालक नाहीत. हौसा आणि मी एकत्र राहतो, त्याच खाडीकाठच्या जमिनीवर उठलेल्या एका इमारतीत. मला आता जवळचं दिसत नाही. एकदा सकाळी ती उठली, तांदळाच्या डब्यात हात घातला — मी जागा कधी बदललीच नव्हती — आणि चिमटा घेऊन माझ्यासमोर बसली. किती वर्षं ठाऊक होतं तिला? मी विचारलं नाही. तिनंही काही विचारलं नाही. तेव्हापासून माझे केस तीच काढते. हात अगदी आईचा. कळतही नाही.

एकदाच कळलं. केस खोल होता की तिनं मुद्दाम ओढला, कोण जाणे, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं चिमटा पुसला.

"तसंच असतं, वयनी," ती म्हणाली.

मी हनुवटी जरा वर केली, पुढचा केस तिला नीट दिसावा म्हणून.