मामेसासऱ्यांची वाकळ

आमच्या मामेसासऱ्यांनी जन्मात कधी कुणाच्या तोंडाकडे पाहिलं असेल असं मला वाटत नाही. ते बघायचे ते माणसाच्या अंगावरच्या कापडाकडे. महागावातली निम्मी माणसं त्यांच्या डोक्यात नावाने नव्हतीच; कुणी निळ्या चौकटीचा सदरा होता, कुणी डाळिंबी लुगडं, कुणी कोपरावर फाटलेली बंडी. त्या बिचाऱ्या बंडीवाल्याने नवी बंडी शिवली की त्याची आणि मामाजींची ओळख नव्याने करून द्यावी लागे. एकदा ते माझ्या यजमानांच्या दोस्ताच्या लग्नाला ढाणकीला जाऊन आले. सासूबाईंनी, म्हणजे त्यांच्या सख्ख्या बहिणीने, हौसेने विचारलं, "नवरदेव कसा हाय?" मामाजींनी पुष्कळ विचार केला आणि म्हणाले, "कोट चांगला हाय. अस्तर मात्र लवकरच जाईन." नवरीबद्दल विचारायची मग कुणाची छाती झाली नाही. गल्लीतले एक आजोबा वारले तेव्हा मामाजी भेटायला गेले, डोळ्यांत खरोखरचं पाणी आणून तासभर बसले आणि उठताना हळूच म्हणाले, "त्याईचं ते जांभळ्या काठाचं उपरनं कोठी ठेवलं?" घरच्यांनी राग मानला नाही. आत जाऊन उपरणं आणून दिलं. मामाजी जुन्या कापडाच्या वाकळी, म्हणजे गोधड्या, शिवत, आणि त्यांच्या वाकळीत गेलेलं कापड वाया जात नाही, हे गावाला ठाऊक होतं.

मामाजी पेशाने शिंपी. लग्न केलं नाही, बहिणीकडेच राहिले, आणि पस्तीस वर्षं बाजाराच्या रस्त्यावर दुकान चालवलं. मी लग्न होऊन यवतमाळहून या घरात आले, महाराष्ट्र राज्य व्हायच्या दोन वर्षं आधी, तेव्हा त्यांनी नुकतंच दुकान बंद केलं होतं. कारण विचारलं की सांगत, "पस्तीस वर्सं लोकाइची मापं घेतली. एकही मानूस दुसऱ्या वर्सी त्याच मापाचा राह्यला नाही. मंग मापून फायदा काय?" त्या दिवसापासून त्यांनी टेप हातात धरायची नाही अशी शपथ घेतली, आणि शपथ मोडायचा मोह नको म्हणून टेप बकरीच्या पिलाच्या गळ्यात बांधून टाकली. पिलाने तिचं चार-पाच इंचांचं एक टोक खाल्लंसुद्धा. कापड मोजायचा गज कोंबड्या हाकलायच्या कामी लागला. ठेवली ती फक्त कात्री आणि मशीन. मशीनला ते मशीनबाई म्हणत आणि रोज सकाळी तिला तेल देऊनच स्वतः चहा घेत.

आता दिवसभर ते ओसरीवर बसून वाकळीची घरं करत. 'घर' हा त्यांचाच शब्द. आधी मधोमध लाल कापडाचा तळहाताएवढा चौकोन ठेवायचा. हे लाल कापड कचेरीतली दप्तरं बांधायच्या जुन्या, जाड्या खारव्याचं असे, आणि ते कुठून येतं हे विचारायचं नाही अशी घरात शिस्त होती. चौकोनाच्या एका अंगाला एक पट्टी जोडायची, कापड वळवायचं, दुसरी पट्टी, पुन्हा वळवायचं, पुन्हा पट्टी. असं फिरत फिरत परातीएवढं झालं की घर पुरं झालं. माप नाही, खडूची रेघ नाही. पट्टी एका टोकाला दोन बोटं तर दुसऱ्या टोकाला चार. माझे यजमान शाळेत भूमिती शिकवत, त्यांच्याने ते बघवत नसे. ते म्हणायचे, "मामा, ही वाकडी जाऊन राह्यली." मामाजी वर न बघता म्हणत, "भित हाय ते. आपल्या घराची कोनती भित सरळ हाय, दाखव." ते खरंच होतं, त्यामुळे भूमिती शाळेत निघून जाई. मधला लाल चौकोन म्हणजे दिवा. "आधी दिवा ठेवाचा, मंग भोवताल भिती उभ्या कराच्या. लोक उलटं करते, मंग अंधारात चाचपडते." घरं लहानमोठी झाली की त्यांच्यामध्ये लांब पट्ट्या टाकून ते गल्ल्या करत, आणि वाकळ पसरली की सगळं गाव खाटेवर यायचं.

पट्ट्यांसाठी ते गावभर फिरत. तांड्यावरच्या एक बंजारा म्हाताऱ्या होत्या, सगळे त्यांना याडी, म्हणजे आई, म्हणत. त्यांनी जुन्या चोळीचा आरसे लावलेला तुकडा दिला. मामाजींनी तो आरशांसकट जोडला, आणि ती वाकळ पांघरून झोपणाऱ्याच्या डोळ्यांवर सकाळचं ऊन असं नेमकं पडे की आमच्या घरात गजराच्या घड्याळाची गरज उरली नाही. पलीकडच्या मोहल्ल्यातल्या एक बाई नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्या होत्या. त्यांच्या त्या दिवशीच्या पांढऱ्या लुगड्यावर मामाजींचा डोळा होता. बाईंनी स्पष्ट सांगितलं, "ते नाही भेटाचं भाऊ. ते पेटीत राह्यते." मामाजी लगेच म्हणाले, "बराबर हाय बाई. काही कापडं पेटीतच शोभते." मग बाईंनी आपण होऊन निळ्या पोलक्याची बाही दिली. ती पट्टी मामाजींनी उशाकडच्या ओळीत लावली, पायाकडे येऊ दिली नाही.

आता आमची, म्हणजे त्यांची आणि माझी, गोष्ट. आमच्याकडे रीत अशी की मामेसासऱ्याने भाचेसुनेला शिवू नये. नुसतं माणसाला नव्हे, तिने वापरलेल्या कापडालाही हात लावू नये, आणि दोघांनी एकमेकांशी सरळ बोलू नये. ही रीत कुणी आणि का काढली ते मला माहीत नाही, पण चार खणांच्या घरात ती पाळायची म्हणजे सर्कस होती. मामाजी कुठेही शिरताना खाकरत, की मी पदर ओढून बाजूला होई. एका हिवाळ्यात त्यांना खरा खोकला झाला, तेव्हा आठ दिवस मी घरभर नुसती पळत होते. बोलायचं झालं तर ते मशीनला सांगत आणि मी पाण्याच्या रांजणाला. "मशीनबाई, आज भाजीत मीठ जास्त झालं म्हना." मी आतून म्हणे, "रांजणा, सांग त्यांना, आजची भाजी सासूबाईंनी केली होती." यावर सासूबाईंनी मशीन आणि रांजण दोघांनाही घराबाहेर काढायची धमकी दिली होती.

माझ्या लग्नानंतर मामाजींनी घरासाठी म्हणून एक मोठी वाकळ करायला घेतली. आतापर्यंतच्या सगळ्या त्यांनी वाटून टाकल्या होत्या; ही मात्र द्यायची नव्हती. हिच्यात घरचं आणि घरी येणारं माणूस न् माणूस येणार होतं. सासूबाईंचं हिरवं लुगडं आलं, यजमानांचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आला, नणंदेचा शाळेतला झगा आला, दूधवालीचा पदर आला, पोस्टमनच्या खाकी पँटीचा गुडघा आला. एक दिवस मी झाडताना पाहिलं, बकरीच्या पाठीवर थंडीत टाकायचा फडका होता, त्याचीही पट्टी लागली होती. बकरीसुद्धा होती. मी नव्हते.

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. रीत मला कळत होती, पण रीत कळली म्हणून दुखायचं थांबतं असं नाही. दोन वर्षं मी त्या घरात राबत होते आणि त्या घराच्या वाकळीत मला चार बोटांची जागा नव्हती. सासूबाईंना दया आली. त्या म्हणाल्या, "दे तुह्या पातळाचा तुकडा, मीच शिवून देईन." पण मामाजींच्या वाकळीत दुसऱ्याचा टाका चालत नसे, आणि कुणीही शिवला तरी पुढे त्यांनाच त्या कापडावर हात फिरवावा लागणार होता. मग मी एक युक्ती केली. बाजाराच्या दिवशी गुलाबी छिटाचा कोरा तुकडा घेतला आणि तो अंगाला न लावता मशीनवर ठेवून आले. दुपारी ओसरीवरून आवाज आला, "मशीनबाई, हे कापड कोनाचं? हे तर कोनाचंच नाही. कोनाच्या अंगाले लागलं नाही, घामात भिजलं नाही, मुकं हाय. मुकं मानूस घरात कसं लावाचं?" आणि गजाच्या टोकाने तो तुकडा उंबऱ्याच्या आत सारला गेला. माझा राग अनावर झाला. मी रांजणाला म्हटलं, तेही चांगलं मोठ्याने, "रांजणा, सांग, आम्ही या घरातले नाहीच मुळी!"

त्या दिवशी मशीन पुन्हा चाललं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घरं जोडायचं कामच थांबवलं. वाकळ होती तशी घडी घालून पेटीवर ठेवली. ती जवळजवळ पुरी झाली होती, फक्त अगदी मधोमध एका घराची जागा रिकामी होती. येणारे जाणारे विचारत, "मामा, चिंध्या सरल्या काय?" मामाजी म्हणत, "एक घर बाकी हाय." पुढे विचारलं की कात्रीला धार लावायला घेत. वर्ष गेलं तरी ते एक घर बाकीच राहिलं, आणि माझा रुसवाही.

मग मी बाळंतपणाला यवतमाळला माहेरी गेले. तान्ह्या बाळाला कोरं कापड घालत नाहीत, जुनं मऊ झालेलं घालतात. माझ्या आईने माझंच एक हळदीच्या रंगाचं, बारीक तांबड्या ठिपक्यांचं पातळ काढलं, जे नेसून मी पहिल्यांदा महागावला गेले होते, आणि त्याची झबली शिवली. तीन महिन्यांनी मुलीला घेऊन मी परत आले. सासूबाईंनी दृष्ट काढली, यजमान नुसते हसत उभे, सगळी गल्ली बाळाचं नाक कुणासारखं यावर भांडत होती. मामाजींनी मुलीला हातात घेतलं आणि सवयीने पाहिलं ते झबल्याकडे. पाहतच राहिले. मग मशीनकडे वळून अगदी सावकाश म्हणाले, "मशीनबाई, इचारा बरं, ह्या लेकराच्या अंगावरचं कापड कोनाचं हाय?"

मी सांगणार होते की माझ्या पातळाचं. शब्द ओठावर आला होता. पण त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, त्याने मी थांबले आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. मी म्हटलं, "रांजणा, सांग, लेकराच्या अंगावर आहे तर लेकराचंच."

"असं म्हना!" मामाजी म्हणाले आणि उठले. सरळ गोठ्यात गेले. बकरीच्या गळ्यातली टेप सोडवून आणली, धुतली, आणि शपथ मोडून आमच्या मुलीचं माप घेतलं. मग रोज सकाळी मशीनला तेल, आणि त्यानंतर मुलीचं माप, हा नेम झाला. टेपेचं आकडे सुरू होणारं टोक बकरीने खाल्लेलं, त्यामुळे मुलगी रोज चार-पाच इंच जास्तच भरे आणि मामाजींना आनंद होई. "वाढून राह्यली, वाढून राह्यली!" मग खात्री करायला टेप उलटी धरत आणि तोंड पाडत. बहिणीच्या मागे लागत, "काहून बाई, सूनबाईच्या ताटात तूप कमी काहून? लेकरू वाढन कसं?" गल्लीतल्या बायका म्हणत, म्हाताऱ्याला नातीचा काय लळा! लळा होताच. पण घाई कशाची होती ते त्यांना आणि मला दोघांनाच ठाऊक होतं. लेकराच्या कापडाला रीत आड येत नव्हती, पण झबलं लेकराला तोकडं झाल्याशिवाय त्यांच्या हाती लागणार नव्हतं.

एक दिवस मुलीने पालथं पडून मान उचलली आणि झबल्याची शिवण खांद्यावर टर्रकन उसवली. मामाजींनी ओसरीवरून तो आवाज ऐकला. शिंप्याचे कान ते. सासूबाईंनी झबलं काढून त्यांच्या हातात दिलं. ते त्यांनी धुवूही दिलं नाही. दिवसभर मशीन चालत होतं. मला वाटलं होतं, एखादी कडेची पट्टी मिळेल, बकरीच्या शेजारी. संध्याकाळी त्यांनी वाकळ ओसरीवर पसरली, मोठ्याने खाकरले आणि अंगणात निघून गेले, म्हणजे मला बाहेर येऊन पाहता यावं. मधोमधचं घर पुरं झालं होतं. त्याच्या मध्ये लाल चौकोन नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नव्हता. त्या जागी माझा हळदीचा, तांबड्या ठिपक्यांचा तुकडा होता, आणि त्याच्याभोवती हिरवं लुगडं, पट्टेरी पायजमा, नणंदेचा झगा आणि सगळ्यांत बाहेर मामाजींच्या स्वतःच्या पांढऱ्या पैरणीची भिंत. मी तिथेच बसून रडले, आणि रडताना हसतही होते. अंगणातून आवाज आला, "मशीनबाई, भिती वाकड्या हायेत, पन दिव्याचा उजेड मोप हाय म्हना."

मामाजींना जाऊन आता काही वर्षं झाली. शेवटच्या हिवाळ्यात ते अंथरुणाला खिळले. एका दुपारी मशीनकडे बघून म्हणाले, "सूनबाईले सांगा, थंडी वाजून राह्यली." मी ती वाकळ त्यांच्या पायथ्याशी ठेवून बाजूला झाले. रीत रीतच होती. त्यांनी ती हळूहळू ओढून घेतली आणि मधलं घर बरोबर छातीवर येईल अशी पांघरली. इतकी वर्षं एका छपराखाली राहून आम्ही एकमेकांशी एक शब्द सरळ बोललो नाही, आणि तरी माझ्या वडिलांनंतर मला इतकं कुणी जपल्याचं आठवत नाही.

वाकळ माझ्याकडे आहे. मशीनही माझ्याकडेच आहे. मी रोज तिला तेल देते. दुपारी घर रिकामं असलं, स्वयंपाक मनासारखा झालेला असला, की ओसरीवर कुणी नाही हे पाहून मी हळूच तिच्याजवळ जाते आणि म्हणते, "मशीनबाई, मामाजींना सांगा, आज भाजी मीच केली होती, आणि मीठ बरोबर झालंय."