व्हिसावाल्या नोकरीची चौकशी गिरणीवर

मागच्या सोमवारी मी आणि माझी नात प्रगती सकाळच्या गाडीनं सेलूहून पूर्णेला गेलो... कशाला, तर एका नोकरीची चौकशी करायला. हसू नका. लग्नाच्या स्थळाची करतात ना, तशीच.

आधी प्रगतीचं सांगते. ती इन्शुरन्सची इन्व्हेस्टिगेटर आहे. कुणी क्लेम टाकला की स्कूटीवर जाऊन खरं का खोटं बघून येते. एकदा कागदावर मेलेला माणूस तिला पारावर तंबाखू मळत बसलेला सापडला! मी चौथी शिकलेली बाई, पण हे सांगताना अजून माझी मान ताठ होते...

तर तिला परदेशात हीच नोकरी पाहिजे होती. वर्षभर मोबाइलवर शोधायली होती, आणि वर्क व्हिसा कंपनीनंच स्पॉन्सर केला पाहिजे म्हणायची. म्हणजे आपली हमी घेऊन कागदपत्रं त्यांनीच करायची, असं तिनं मला समजावलं. सगळीकडून नकारच यायचा. पोरीचं तोंड एवढंसं व्हायचं.

मग एक ऑफर आली. व्हिसा त्यांचा, तिकीट त्यांचं, राहणं त्यांचं. मागणं काहीच नाही... फक्त पंधरा दिवसांत निघायचं, उतरल्यावर पासपोर्ट त्यांच्या माणसाकडं द्यायचा, आणि तोवर कुणाला सांगायचं नाही.

न सांगता राहीन ती मी कसली? दुसऱ्याच दिवशी गल्लीभर पेढे वाटले.

पेढे वाटून आले, पाय पसरून बसले, आणि मला माझी थोरली बहीण आठवली. अक्काचं स्थळ असंच आलं होतं. हुंडा नको, मानपान नको, आठ दिवसांत उरका, गावात बोलू नका. आमचे वडील किती खुश झाले होते... त्या माणसाची पहिली बायको घरातच होती. अक्का सहा महिन्यांनी परत आली, ती पाठीवर वळ घेऊन. मरेपर्यंत तिनं पाठ कुणाला दाखवली नाही.

मी उठून प्रगतीला विचारलं, "तू जगाची चौकशी करतीस, याची केलीस का?"

"केली की आजी. वेबसाइट बघितली. पूर्णेचा सुमित म्हणून एक मुलगा तिथं आहे, कंपनीनंच त्याचा नंबर दिला. व्हिडिओवर बोलला, चांगलं आहे म्हणाला."

"म्हणजे नवरदेव कसा आहे, ते तू नवरदेवालाच विचारलंस!"

ती चिडली. पण माझ्यासोबत आली. गाडीत पेडगावपर्यंत बोलली नाही, परभणी आल्यावर मुकाट्यानं माझ्या हातावर शेंगदाण्याची पुडी ठेवली.

चौकशीला गेलं की आधी घरी जायचं नसतं, पिठाच्या गिरणीवर जायचं. सगळ्या गल्लीचं दळण तिथं येतं, तशी सगळ्या गल्लीची खबरही. रेल्वेत नोकरीला असलेल्या बापाचा मुलगा, एवढं प्रगतीला माहीत होतं, तेवढ्यावर विचारत विचारत त्यांच्या गल्लीतली गिरणी सापडली. सुमितचं नाव काढल्यावर गिरणीवाली म्हणाली, "लेकरू बाहेर गेल्यापासून त्याची माय कुणाशी बोलंना झालीय. आधी लय बोलायची."

मग आम्ही घरी गेलो. माऊलीनं पाणी दिलं आणि गडबडीनं सांगून टाकलं, पोरगा मजेत आहे, पगार चांगला आहे. प्रगतीनं सांगितलं, मला पण तिथूनच ऑफर आलीय, पुढच्या आठवड्यात निघायचंय. तशी त्या बाईच्या हातातला तांब्या खाली पडला.

"जाऊ नको," म्हणाली. एवढंच.

नंतर हळूहळू बोलली. त्यालाही इन्व्हेस्टिगेटर म्हणूनच नेलं होतं. गेल्या गेल्या एकदाच म्हणाला, इथं तपास-बिपास काही नाही, कोंडून ठेवतात, फोनवर लोकांना फसवायला लावतात, पासपोर्ट घेतलाय. तेव्हापासून फक्त रविवारी फोन. तीच चार वाक्यं. "जन्मल्यापासून मला बाई म्हणतो ओ माझा सुमित. तिथून मम्मी म्हणायलाय... शेजारी कुणीतरी उभं असंल."

मी विचारलं, कुणाला सांगितलं का नाहीस गं?

"कसं सांगू मावशी? पेढे वाटले होते ना मी."

माझ्या घरात पेढ्याचा रिकामा बॉक्स अजून तसाच होता.

 प्रगतीनं वही काढली. क्लेमच्या कामाला विचारते तसं एकेक विचारलं, कधी गेला, कुठून गेला, कोणत्या नंबरवरून फोन येतो. संध्याकाळपर्यंत ती त्या माऊलीला घेऊन परभणीला पोलिसांकडं अर्ज देऊन आली. वेळ लागेल म्हणाले. किती, ते कुणी सांगितलं नाही.

माझी नात घरात आहे. आत्ता समोर बसून वरणभात खातेय, आणि मला इतका आनंद होतो की त्याची लाजच वाटते. शेजारपाजारच्यांनी विचारलं, कधी निघणार? मी सरळ सांगितलं, फसवणूक होती. कुणी हसलं नाही. उलट दोघीजणी आपापल्या लेकरांच्या ऑफरी दाखवायला घेऊन आल्या...

काल रविवार होता. सुमितचा फोन आला. प्रगतीनं शिकवलं होतं तेवढंच त्याची माय बोलली, "दोन पाव्हण्या तुझी चौकशी करून गेल्या रे गिरणीवर. पुढं पण चौकशी चालू हाय."  त्यावर तो म्हणाला म्हणे, "बरं, बाई."

आणि फोन कट झाला.

त्या माऊलीनं लाज सोडली म्हणून माझं लेकरू वाचलं. तिचं अजून यायचंय.