मॉनिटरला अर्थ नाही

आमच्या वॉर्डात त्यांना सगळे टेस्टर म्हणत. शर्टाच्या खिशाला कायम टेस्टर खोचलेला असायचा, म्हणून तेच नाव चिकटलं. हॉस्पिटलची वीज आणि पेशंटला लावायची मशिनं बघणं हे त्यांचं काम. अंगानं काटकुळे, बोलायला तुटक. त्यांची बायको सांगायची, "पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मिक्सरच्या वायरीकडे सारखं."

वॉर्डात त्यांचा जाच मोठा. ओल्या हातानं पिन लावायची नाही. वायर ओढायची नाही, पिन धरून काढायची. मॉनिटरच्या बोर्डावर नातेवाइकांचा मोबाइल लावलेला दिसला की उपटून हातात द्यायचे. "इथे जत्रा नको. पेशंटच्या छातीला वायरी आहेत." नव्या सिस्टर कुरकुरायच्या, "यांच्यापेक्षा सासू परवडली."

एकदा मी विचारलं, "भाऊ, मशीन चालतंय ना? मग एवढं कशाला?"

"चालतंय म्हणूनच. बंद मशीन कुणाला मारत नाही." मग म्हणाले, "वीज झिरपली तर तुम्हा-आम्हाला नुसत्या मुंग्या येतात, सिस्टर. आजारी हृदयाला तेवढंही सोसेल असं नाही."

बोर्ड उघडण्याआधी ते क्षणभर डोळे मिटत. मला वाटायचं, देवाचं नाव घेतात. विचारलं तर म्हणाले, "मेन बंद केलाय का ते आठवतो." मला त्यात फारसा फरक दिसला नाही.

एका सकाळी सफाईवाल्या बाई फरशी पुसत होत्या. एक हात पलंगाच्या दांडीवर, दुसरा मॉनिटरला लागला, आणि त्या "अगं आई!" म्हणून मागे सरल्या. पलंगावर एक म्हातारे शिंपीकाका औषधाच्या गुंगीत होते. हृदयाचं दुखणं. त्यांच्या उशाशी त्यांची बायको बसून असायची. तिला आम्ही काकू म्हणायचो.

मी टेस्टरभाऊंना बोलावलं. त्यांनी मशीन बंद केलं, पिन काढली, भिंतीतला पॉइंट मीटर लावून तपासला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "या मॉनिटरला अर्थ नाही. काढून टाका."

मला त्यात काही खटकलं नाही. मशिनातून झिरपलेली वीज जमिनीत नेणारी जी तार असते, तिला त्यांच्या धंद्यात अर्थ म्हणतात. भिंतीतली ती तार तुटली होती. मी काकांच्या छातीवरच्या वायरी सोडवल्या. मशीनची बॅटरी जुनी, टिकणारी नव्हती. तेव्हा भाऊ दुसरा पॉइंट तपासायला गेले आणि मी काकांचा हात हातात घेऊन नाडी बघत बसले.

काकूंनी ते सगळं पाहिलं. उठल्या, बाहेर गेल्या, परत आल्या. त्यांनी पिशवीत चादर, चष्मा, तांब्या भरायला घेतला.

"काकू, कुठे निघालात?"

"घरी नेते त्यांना. आता अर्थ नाही ना. मुलालाही कळवलं. तो निघालाय." डोळ्यांत पाणी नव्हतं. "सही कुठे करायची तेवढं सांग, बाई."

तेवढ्यात डॉक्टर राउंडला आले. काकूंनी त्यांनाही तेच विचारलं. डॉक्टर गोंधळले. "घरी? आता हलवलं तर वाटेतच काही होईल. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तो मशीनवाला बोलला. आणि ही बघा, शेवटचा हात धरून बसलीय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी सांगायला लागले, तर काकू म्हणाल्या, "राहू दे. माझी समजूत घालू नका. मी एवढी कच्ची नाही."

टेस्टरभाऊ दारातून आत येत होते. त्यांनी ते ऐकलं. काकूंच्या समोर उकिडवे बसले, पिन हातात धरली आणि वरचा जाड पाय दाखवला.

"काकू, हा अर्थ. ही तार जमिनीत जाते. तुमच्या भिंतीतली तुटलीय. मी काकांना नाही म्हटलं हो, भिंतीला म्हटलं."

काकूंनी त्या पिनेकडे बराच वेळ पाहिलं. "मेल्या, भिंतीला म्हणायचं तर भिंतीकडे बघून म्हण की! माझा जीव गेला ना इथे."

"चुकलं, काकू."

पण पिशवी काही त्यांनी खाली ठेवली नाही. आम्ही पलंग समोरच्या भिंतीपाशी सरकवला. भाऊंनी तिथे पुन्हा मीटर लावला, मशीनला बाहेरून हात लावून पाहिला, मग माझ्याकडे बघून मान हलवली. मी काकांच्या छातीवर वायरी चिकटवल्या. पडद्यावर आधी नुसती सरळ रेघ आली, कारण एक वायर नीट बसली नव्हती. काकूंनी माझा दंड घट्ट धरला. वायर दाबली तशी रेघ वर-खाली व्हायला लागली.

या गडबडीनं काकांना जाग आली. "काय चाललंय? पलंग कुणी हलवला?"

"काही नाही. झोपा," काकू म्हणाल्या. पिशवीतून चष्मा काढून परत उशाशी ठेवला. मग मोबाइल घेऊन व्हरांड्यात गेल्या. त्यांचा आवाज आत येत होता.

"अरे, ते मशीनचं होतं. मशीनचं! बाबा आहेत तसेच आहेत. नाही, सही नाही केली. तू गाडी दामटू नकोस. वाटेत कुठे तरी थांब, काही खा, आणि सावकाश ये."