मशीनसाठी मागितलेलं दान

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि सोंगट्यांच्या डावात मला हरवणारा कासारसाईत कुणी नव्हता. शाळा चौथीपर्यंतच, पण पट मला वाचता येतो.

सून मारुंजीच्या एका सोसायटीच्या ऑफिसात काम करते. तिथला टाकून दिलेला लॅपटॉप तिनं घरी आणला. त्यात विंडोज चालेना, सुरू होतानाच दमायचं. मग तिनं ते पुसून लिनक्स घातलं आणि मला गुंतवायला बॅकगॅमनचा खेळ. आपल्या सोंगट्यांचाच परदेशी भाऊबंद: दोन फासे, पंधरा-पंधरा सोंगट्या, फिरवून घरी आणायच्या आणि पटाबाहेर काढायच्या. चाली मला लगेच कळल्या. पण मशीन मला रोज हरवायचं. मी चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "खोटं हाय ते. आतल्या आत फासे फिरवतंय. खरं निघालं तर हितंच येऊन कबूल करीन."

सुनेच्या कानावर ते गेलं. म्हणाली, "मामा, मग फासे तुमीच टाका. काय पडलं ते मी आत लिहिते. तशी सोय हाय यात."

रविवारी दुपारी मी घोंगडी अंथरली, जत्रेतले लाकडी फासे काढले. दोघांचंही दान मीच टाकणार. आता आमच्यात रीत अशी, की हवं ते दान मोठ्यानं मागूनच टाकायचं. मुक्यानं टाकलेलं धरत नाहीत. मशीन मुकं. म्हणजे त्याचं दानही मीच मागायचं, आणि अर्ध्या मनानं मागणं म्हणजे लबाडी. मी घसा ताणून मागत होतो.

म्हातारी भाकरी टाकून बाहेर आली. "अवो, त्याच्या बाजूनं कशाला वरडताय?"

"त्याला तोंड न्हाई."

"तुमाला लई हाय. घाला त्याला वाटून!"

डाव अगदी कडेला आला. माझी एकच सोंगटी उरली, त्याच्या चार. दान त्याचं. सून म्हणाली, "मामा, यात जुळं पडलं की चार चाली मिळतात. जुळे सहा पडले तर चारी जातील. न्हाईतर तुमी जिंकला."

फासे हातात घोळवले. हळू मागता आलं असतं. पण मी शेजारच्या आळीला ऐकू जाईल असा ओरडलो, "ये जुळे सहा!"

पडले. सुनेनं तोंडाला पदर लावला, म्हातारी तर पायरीवरच बसली हसत. आणि मला राग यायच्या ऐवजी काय झालं कुणास ठाऊक, मीही हसत सुटलो. काय दान पडलं होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, धुतलेली टोपी घातली, टपरीवर गेलो आणि उभ्यानंच सांगितलं, "मशीन खरं हाय. पण काल जिंकलं ते माझ्या हातावर."