पानाच्या कोपऱ्यातला अंगठा

विद्यापीठाच्या ग्रंथालयात तिला सगळे ‘चाळणी’ म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण पाठीमागे काय चालतं हे तिला ठाऊक नसेल, असं कधी झालंच नाही. जुन्या, दुर्मीळ धर्मग्रंथांच्या पानापानाचे फोटो काढून ते संगणकात साठवण्याचं काम तिथे चाललं होतं. तळघरात तिचा नवरा फोटो काढायचा आणि वरच्या मजल्यावर ही ते तपासायची. नवऱ्याचं काम म्हणून सूट? नाव काढू नका. पान जरा तिरकं आलं की परत पाठवायची, वर डबा खातानाही त्याला ऐकवायची.

एका प्रार्थनेच्या पुस्तकात तिला तो अंगठा दिसला. जुनं पान सपाट राहत नाही, म्हणून कोपरा दाबून धरावा लागतो. बोट नंतर फोटोतून कापून टाकतात. नवऱ्याचा अंगठा तिने लाखात ओळखला असता, रुंद आणि आखूड. हा चांगला निमुळता होता. बाईचा! पुढच्या पानावरही तोच.

पाणी कुठेतरी मुरत होतं. गेले दोन महिने हे गृहस्थ दाढी वाढवत होते. ‘बरी दिसते’ म्हणे! जन्मभर शर्ट घातले, आता टी-शर्ट. नाडीचे बूट माळ्यावर गेले. डबा हल्ली तळघरात एकट्याने, घरीही जेवण हिच्या आधी, आणि एरवी उजवा हात सदा खिशात. पन्नाशीत अंगात तारुण्य संचारलं होतं अगदी. आणि तळघरात बाई एकच, बाइंडिंगच्या खोलीतली ती नवी. ‘हात फार हलका आहे तिचा,’ असं परवा तोच तर म्हणाला होता.

शिवाय त्या ग्रंथांना त्याच्याखेरीज कुणी हात लावायचा नाही, असा नियम. साहेबांच्या कानावर गेलं तर नोकरी जाईल. जाऊ दे गेली तर! रागाने तिचं डोकं भणभणलं होतं. भर दुपारी न सांगता ती खाली उतरली आणि तिने दार ढकललं.

बाइंडिंगवाली पान उलटत होती. नवरा स्टुलावर बसला होता, उजवा हात गुडघ्यांमध्ये आवळून.

“काय चाललंय हे?”

“ताई, आधी ऐकून तरी घ्या.”

नवऱ्याने हात बाहेर काढला. तो थरथरत होता, थांबतच नव्हता.

“एक पान फाटणार होतं माझ्या हातून,” तो म्हणाला. “हिने वेळेवर धरलं. तेव्हापासून मी डाव्या हाताने बटण दाबतो, ही पानं उलटते.”

“म्हणजे दाढी…”

“वस्तरा धरवत नाही. शर्टाची बटणं लागत नाहीत, नाड्या बांधता येत नाहीत.”

“अहो, मग मला का नाही सांगितलंत?”

तो तिच्याकडे न बघता म्हणाला, “कसं सांगू? जरा काही बिघडलेलं दिसलं की तू परत पाठवतेस गं.”

तिला रडूच कोसळलं. बाइंडिंगवाली हळूच उठून बाहेर गेली.

“उद्या आधी डॉक्टर,” ती डोळे पुसत म्हणाली. “मग साहेबांना मीच सांगते. मी खाली येते, तुम्ही वर तपासायला बसा.”

“आणि नाहीच ऐकलं त्यांनी तर?”

“तर बसू दोघं घरी.”

तिने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिच्या हातातही तो थरथरतच राहिला.